पाचशे अठरा नंबरची मादी

१

बेटावर मर्डोचा एकच नियम होता. पक्ष्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं.

तोंडं सगळ्यांची सारखीच. रंगावर जावं तर तोही भरवशाचा नाही. तोरोआ, म्हणजे तिकडचा अल्बट्रॉस, लांबच लांब पंखांचा समुद्रपक्षी, तरुणपणी तपकिरी असतो आणि वय वाढेल तसा पांढरा होत जातो. आपले केस पिकतात, त्याची पिसं पिकतात. मग ओळखायचं कशावरून? तर पायातल्या कड्यावरून. पांढरं प्लास्टिकचं कडं, त्यावर तीन काळे आकडे. एकदा घातलं की मरेपर्यंत ते त्याच पक्ष्याचं. "कडं खोटं बोलत नाही," असं मर्डो दिवसातून चारदा म्हणायचा आणि एरेना दिवसातून चारदा "हो रे बाबा" म्हणून चहाचा डबा शोधायची.

दोघं अकरा उन्हाळे इथे येत होते. देशाच्या दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरातून तीन दिवस बोटीचा प्रवास, मग आठ आठवडे ही एक खोली: दोन फळ्यांच्या खाटा, एक गॅस, एक खिडकी आणि कधीही न थांबणारा वारा. मर्डो साठीचा, मेंढपाळाच्या घरातला, बोलायला लागला की मेंढ्यांनी कान टवकारावेत अशा आवाजाचा. एरेना बावन्नची. तिच्या घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दर पानगळीत तीती नावाच्या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरायला बेटांवर जाणारे, त्यामुळे पक्षी हातात घ्यायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

काम सोपं होतं आणि जिवाला घोर लावणारं होतं. कोणत्या घरट्यावर कोण परत आलं, ते लिहायचं. तोरोआ जन्मभर एकच जोडीदार धरतात. नर आधी येतो, मातीचं नि गवताचं उंच घरटं रचतो आणि मादीची वाट बघतो. पण माद्या दूरवर जातात, मासेमारीच्या बोटींच्या मागे लागतात आणि गळाला अडकून बुडतात. दर वर्षी कमी माद्या परत येत होत्या. नर मात्र नेमाने येत, घरटं लिंपत आणि रिकाम्या आभाळाकडे चोच करून बसत. मर्डो त्यांना नवरदेव म्हणायचा. पहिल्या वर्षी एरेना त्यावर हसली होती.

पुढे तिला हसू येईनासं झालं, कारण तीही वाटच बघत होती.

२

सात वर्षांपूर्वी एरेनाचा नवरा तेओने मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेला. सहा माणसं होती. बोटीची एक फळीसुद्धा कुणाला मिळाली नाही. प्रेत नाही तर मयताचे तीन दिवस नाहीत, आणि तिच्या लोकांत ते तीन दिवस फार मोठे. मेलेल्याला एक क्षण एकटं सोडत नाहीत. सगळं गणगोत जमतं, त्याच्याभोवती गाद्या टाकून बसतं, रडतं, गातं, त्याच्याच खोड्या सांगून हसतं, आणि आलेल्या प्रत्येकाला पोटभर जेवू घातलं जातं. तेओनेच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

मुलगी हुहाना आता सव्वीस वर्षांची होती, ब्लफमध्ये बेकरीत कामाला होती. तिनं आपल्या परीनं तोड काढली होती. सात वर्षं झाली की कोर्टात कागद करता येतो, मग आजीच्या थडग्याशेजारी बाबाच्या नावाचा दगड बसवायचा. दगड कोरूनही झाला होता. ईस्टरला त्याच्यावरचं कापड काढायचं ठरलं होतं. अडलं होतं ते फक्त एरेनाच्या सहीपाशी.

"अगं आई, तो मेलाय," हुहाना म्हणायची. "तुला नाही पटत, पण त्याला पटू दे की."

एरेना विषय बदलायची. तिच्याजवळ एक घडी केलेला नकाशा होता आणि तो तिनं फक्त मर्डोला दाखवला होता. ज्या वर्षी तेओने गेला, त्याच वर्षी तिनं स्वतःच्या हातानं पाचशे अठरा नंबरच्या मादीच्या पाठीवर बोटभर लांबीचं यंत्र चिकटवलं होतं. मादी कुठे उडते ते त्यावरून कळायचं. नकाशावर तिची निळी रेघ अकरा दिवस तेओनेच्या बोटीमागे हिंडत होती. मग एके दिवशी बोटीचा रेडिओ बंद झाला, आणि त्याच दिवशी रेघही संपली.

पाचशे अठराचा नवरदेव होता दोनशे सत्तावीस. त्याचं घरटं खोलीच्या मागे, खिडकीतून दिसेल असं, चाळीस पावलांवर होतं.

३

त्या जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी मर्डो बाहेरून ओरडला. एरेना हातातला बिस्किटाचा पुडा तसाच घेऊन धावली.

दोनशे सत्तावीसच्या शेजारी एक मादी बसली होती.

"पाय बघ, पाय बघ," मर्डो दुर्बीण तिच्या हातात कोंबत म्हणाला. "मी तीनदा वाचलं. तू वाच. म्हातारपणी मला वेड लागलं असेल तर आत्ताच कळू दे."

तिनं वाचलं. पाच. एक. आठ.

ती ओल्या गवतात बसलीच. मर्डो मात्र गमबुटांतच गोल गोल नाचला, मग आत जाऊन त्यानं चहात व्हिस्की ओतली, तीही सकाळी आठ वाजता. वहीत त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: ५१८, मादी, जिवंत.

"सात वर्षं!" तो म्हणाला. "कुठं होतीस गं भवाने? एरेना, तुझ्या नकाशावरची रेघ संपलेली नाही, बघ."

फोन फक्त रविवारी लावायचा असा दंडक होता. बॅटरी उन्हावर चालायची आणि ऊन तिथं सणासुदीला दिसायचं. तोवर एरेनाला चैन पडेना. रविवारी हुहानाचा आवाज आल्या आल्या ती बोलत सुटली.

"पाचशे अठरा आलीये! तीच, जी बाबाच्या बोटीमागे होती ती. सगळे मेली म्हणत होते. ऐकतेस ना? दगडाची घाई करू नकोस. ईस्टरचं रद्द कर."



"आई, तो पक्षी आहे गं," हुहाना म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. "खरंच तीच आहे?"

"कडं खोटं बोलत नाही," एरेना म्हणाली.

४

खटकलं ते सोमवारी. पाचशे अठराच्या नोंदीत सात वर्षांपूर्वीचा तिचा फोटो होता. एरेना तो घेऊन घरट्यापाशी गेली, पिसं किती पांढरी झाली ते लिहायला.

एकही झालं नव्हतं. मानेवरचा तपकिरी पट्टा तसाच, कपाळावरचा ठिपका तसाच. हे एक वेळ चालेल, एखादी मादी सावकाश पिकते. पण फोटोत तिच्या डाव्या पंखातलं तिसरं पीस टोकाशी मोडलेलं होतं. समोरही ते मोडलेलंच होतं, तिथंच, तेवढंच.

"पिसं गळतात आणि नवी येतात," ती मर्डोला म्हणाली. "सात वर्षांत हे पीस निदान तीनदा तरी बदललं असेल."

"मग पुन्हा मोडलं असेल."

"त्याच जागी?"

"माझा डावा गुडघा तीनदा मोडलाय, त्याच जागी. मला भूत म्हणशील?" मर्डो हसला. पण हसून झाल्यावर त्यानं फोटो उलटा करून ठेवला.

एरेनानं स्वतःला बजावलं, की सात वर्षं जे मागितलं ते मिळाल्यावर आता खोट काढत बसायचं नाही. तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग आवाज. जोडी भेटली की तोरोआ चोची आपटतात, टक् टक् टक् टक्. एक आपटतो, दुसरी उत्तर देते, आणि मग दोघं माना वर करून किंचाळतात. सगळी टेकडी त्या गोंगाटानं भरलेली असते. खिडकीमागच्या घरट्यातून मात्र एकच चोच ऐकू यायची. टक् टक् टक्. मग थांबणं, उत्तरासाठी जेवढं थांबावं तेवढं. मग पुन्हा टक् टक् टक्. एरेना भांडी घासताना, मोजे वाळत घालताना, वही लिहिताना ते ऐकायची आणि त्या थांबण्यात हातातलं काम सोडून उत्तराची वाट बघायची. बुधवारी तिनं खिडकीला घोंगडी लावली. मर्डोनं तिचं खालचं टोक खिळ्यात अडकवून दिलं.

गुरुवारी पाऊस पडून गेला आणि गवत चिखलात लोळलं. दोनशे सत्तावीसच्या बुडाखालचं गवत दाबून सपाट झालेलं होतं. पाचशे अठराच्या खालचं उभं होतं.

५

नर खात नव्हता.

एरवी नवरदेवसुद्धा अधूनमधून समुद्रावर जाऊन पोट भरून येतो. हा उठेचना. ती आली त्या मंगळवारपासून तो तिच्याकडे तोंड करून बसला होता. उपाशी बसलेला तोरोआ दिवसाला शंभर ग्रॅम उतरतो, हा चारशेनं उतरत होता. मर्डोनं त्याला पिशवीत घालून ताणकाट्यावर टांगलं: पहिल्या दिवशी साडेसात किलो, पहिल्या रविवारी साडेपाच, गुरुवारी पावणेचार.

"आजार असेल," मर्डो म्हणाला.

"मग त्याला उचलून लांब नेऊ."

"एरेना, आपण मोजायला आलोय. मध्ये पडायचं नाही, हे तूच नव्या पोरांना शिकवतेस."

"मर्डो, तो मरेल."

"पुष्कळ मरतात."

"पण असे नाही मरत!" ती ओरडली, आणि तिला कळलं की ती भ्यायली आहे. पक्ष्याला नव्हे. जे हवं म्हणून सात वर्षं जीव टांगणीला लावला होता, त्यालाच.

शेवटी मर्डोनंच नराला बगलेत घेतलं, दीड तास चालत तो पलीकडच्या कड्यावर गेला आणि वाऱ्याच्या तोंडाशी त्याला सोडून आला. तिथून नुसते पंख उघडले तरी तोरोआ समुद्रावर जातो. दुपारी चहा पिता पिता घोंगडीमागून पुन्हा आवाज आला. टक् टक् टक्.

नर पायी परत आला होता. छातीची पिसं काट्यांनी ओरबाडलेली, पायांना रक्त. तो घरट्यावर चढला आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

६

शुक्रवारी सकाळी एरेना पिशवी आणि ताणकाटा घेऊन एकटीच निघाली. नराला हलवता येत नाही तर मादीला हलवायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. मर्डो दारात उभा राहून म्हणाला, "काटा कशाला?"

"उचलणारच आहे तर नोंद होईल," ती म्हणाली. अकरा वर्षांची सवय.

पाचशे अठरानं चोच मारली नाही. पंखही झाडला नाही. एरेनानं एका हातानं तिची चोच धरली, दुसऱ्या हातानं अंग छातीशी घेतलं. पिसं हाताला लागली. चोचीचा गारवा लागला. पायातलं कडं तिच्या मनगटाला घासलं. तिनं तिला पिशवीत घातलं, तोंड आवळलं आणि काट्याच्या आकड्याला पिशवी अडकवली.

रिकाम्या पिशवीचं वजन तीनशे ग्रॅम. काट्याची सुई तीनशेवर थांबली.

तिनं काटा झटकला. सुई हलली, परत तीनशेवर आली. वाऱ्यानं पिशवी तिच्या हातात फडफडायला लागली, पतंग धरावा तशी, आणि कापडातून आत बसलेल्या पक्ष्याचा आकार स्वच्छ दिसत होता, मान, पाठ, मिटलेले पंख.

मर्डो धावत आला. त्यानं तिच्या हातातून काटा घेतला, स्वतः बघितलं. मग पिशवी जमिनीवर ठेवून त्यानं काट्याला आपला बूट टांगला. बूट सव्वा किलो भरला. काटा ठीक होता.

"कडं बघ," तो म्हणाला. "कडं तर तेच आहे ना?"

एरेनानं पिशवीचं तोंड सैल केलं आणि आत पाहिलं. क्षणभरच. पाचशे अठराचा डोळा वर वळलेला होता. तो जिवंत पक्ष्याचा डोळा होता. ओला, काळा, चकचकीत. पण त्यात वाकून बघणारी एरेना दिसत नव्हती, तिच्यामागचं आभाळही नव्हतं. त्यात रात्र होती आणि पाणी हलत होतं.

पिशवी तिच्या हातून सुटली. मादी बाहेर आली, पाय टाकत घरट्यापर्यंत गेली, आणि तिच्या वाटेवरचं एक पातंही वाकलं नाही. नरानं चोच वर केली. टक् टक् टक्.

त्या दिवशी दोघांनी वहीत काही लिहिलं नाही. मर्डो दिवसभर पलीकडच्या घरट्यांवर विनाकारण हिंडत राहिला. एरेनाला एका जागी बसवेना आणि बाहेर जाववेना. तिनं खोली दोनदा झाडली.

७

रविवारी सकाळी चोचीचा आवाज नव्हता. घोंगडी बाजूला केली तेव्हा घरट्यावर दोनशे सत्तावीस मान टाकून पडला होता. एकटाच. मादी कुठे दिसली नाही. मर्डोनं त्याला उचललं आणि काही न तोलता वाऱ्याआड मातीत पुरलं.

एरेना खोलीत येऊन रडली. तेओने गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. सात वर्षं तिनं आशा म्हणून जे सांभाळलं होतं, ते तिला आज नको झालं. तो बुडालाय, थंड पाण्यात, बाकीच्या पाच माणसांबरोबर, आणि तो तिथंच असलेला बरा, असं तिला पहिल्यांदा मनापासून वाटलं. वाटलं आणि हलकंही वाटलं. तिनं डोळे पुसले आणि फोन लावला.

"हुहाना, ऐक," ती म्हणाली. "तुझंच बरोबर होतं. मी सही करते. ईस्टरलाच दगड बसवू. सगळ्यांना बोलाव, मी स्वतः स्वयंपाकाला उभी राहीन."

पलीकडे हुहाना हसली. लहान असताना हसायची तसं, मजेत.

"आता कशाला गं दगड? बाबा आलाय."

एरेनानं टेबलाची कड धरली.

"बुधवारी आला. तुझा फोन येईपर्यंत कळवायचं कसं? दार उघडलं तर उभा. तोच स्वेटर, तू विणलेला, कोपराला भोक असलेला. मी ते भोकच आधी बघितलं. म्हटलं, आई म्हणते ते खरंच झालं."

"तो काही बोलला?"

"दमलाय तो. पुढच्या खोलीत बसलाय. मी शेजारीच बसलेय."

"बुधवारपासून? कामावर गेली नाहीस?"

"त्याला एकटं कसं टाकायचं?" हुहानाला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आणि मी एकटी कुठंय? रेरेमाई मावशी आली, दोन्ही काका आले, त्यांची पोरं आलीत. शेजारचेही आलेत. घर भरलंय आपलं. गाद्या टाकल्यात सगळीकडे."

एरेनानं फोन कानाशी घट्ट दाबला. घर भरलं की काय आवाज असतो, ते तिला पाठ होतं. मावशीचं हसणं, पोरांची पळापळ, भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी गिटारचे कान पिळत असलेलं. तिनं ऐकायचा खूप प्रयत्न केला. हुहानाच्या श्वासाखेरीज काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

"हुहाना, जेवलात का तुम्ही?"

"नाही गं."

"आज नाही?"

"आज..." ती आठवू लागली. "भूकच नाहीये कुणाला. रेरेमाई मावशीलासुद्धा नाही, बघ."

"मावशीला फोन दे. नाही, थांब, तू ऊठ. ऐक माझं. ऊठ, दार उघड आणि बाहेर जा. पोरांना घेऊन बाहेर जा, सगळ्यांना बाहेर काढ!"

"कशाला उठायचं?" हुहाना समजुतीनं म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं. "तू ये ना, आई. तुझी जागा ठेवलीय त्याच्याजवळ. तो दाराकडे बघतोय सारखा."

फोनची बॅटरी तिथंच संपली.

मर्डो मातीचे हात घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं नव्हतं, पण पुरेसं ऐकलं होतं.

"रेडिओ लाव," एरेना म्हणाली. "ब्लफच्या पोलिसांना सांग, माझं घर फोडा म्हणावं. सगळ्यांना ओढून बाहेर काढा. आणि बोट मागव. आज. आत्ता."

त्यानं रेडिओवर हाका मारायला सुरुवात केली. बोट यायला तीन दिवस, जायला तीन. तोवर एरेनानं पिशवी भरली, बूट बांधले, केस विंचरले. मग भिंतीवरच्या आरशाच्या तुकड्यात बघून तिनं केस पुन्हा एकदा विंचरले आणि कानामागची पांढरी बट आत दडवली.

मर्डो हाक मारता मारता थांबला.

"एरेना," तो म्हणाला, "तू पोरीला उठवायला निघालीयस ना?"

एरेनाचा हात केसांवरच राहिला. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हो म्हणणं तिला जमेना.